उन्हाची पावडर

पंचांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, ऊर्मीच्या गालावरून एकदा फिरवला आणि सगळ्या मैदानाला दिसावा असा वर धरला.

"हे काय लावलंय?"

"औषध हाय, सर."

"औषध? तेलकट लागतंय की हाताला."

समोरच्या संघाचे शिक्षक रेषेबाहेरून ओरडले, "लोणी फासून आलीया ती! माझ्या पोरींनी पकडायचं कसं? हात बघा, दंड पण बघा!"

मी छत्री तिथंच टाकून आत धावले. डिसेंबरातलं अकरा वाजताचं ऊन होतं. बाकीचे लोक त्यात पाठ शेकत आरामात बसले होते, आणि माझा जीव मात्र घड्याळाकडं लागला होता. पर्समध्ये मिरजेच्या डॉक्टर मॅडमची चिठ्ठी होती. मुलीला उन्हाचा त्रास आहे, चेहऱ्याला सनस्क्रीन क्रीम लावणं गरजेचं आहे, खाली सही आणि शिक्का. पंचांनी ती शेवटपर्यंत वाचली. माणूस वाईट नव्हता.

"ताई, चिठ्ठी डॉक्टरांची हाय, पण नियम कबड्डीचा हाय. अंगाला तेल, मलम, काय चालत न्हाई. पकडीत हात निसटतो. धुऊन येऊ द्या तिला, न्हाईतर बदली खेळाडू उतरवा."

ऊर्मीनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी नको म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं. ती सरळ नळावर गेली, खसाखसा तोंड धुतलं आणि मैदानात उतरली. त्या अर्ध्या तासात तिनं नऊ जणींना बाद केलं. तिचे बाबर सर, पन्नाशीचा माणूस, रेषेवर उड्या मारत होते. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी तिला ताप भरला. दोन्ही गाल नाकावरून एकमेकांना जोडून लालभडक झाले, आणि पुढचे चार दिवस बोटं इतकी सुजली की पाण्याचा तांब्या मी तिच्या तोंडाला लावत होते.

याला आता अकरा वर्षं झाली.

ऊर्मी माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन विट्याला आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि पहिल्याच दिवशी माझ्या लग्नातल्या चपला घालून अंगणभर लंगडी खेळली होती. माझे मालक दिनकर तिकडं तमिळनाडूत सेलमला असतात. आमच्या भागातली कितीतरी माणसं अशी परमुलखात सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून बसलीत. दिवाळीला येतात, जत्रेला येतात, उरलेलं वर्ष घर बायका सांभाळतात. आमच्या घरात आम्ही तिघी. मी, सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, आणि ऊर्मी. पुढच्या खोलीत माझं पार्लर. नवरा लांब, पोटी लेकरू नाही, त्यामुळं नणंद म्हणा, मैत्रीण म्हणा, लेक म्हणा, माझं जे काय होतं ते ऊर्मीच होतं. आत्या वैतागायच्या. "पोरगी गुडघं फोडून घेती आणि सून बाहेरनं टाळ्या पिटती. जोडी बघा."

आदल्या पावसाळ्यात तिचे सांधे दुखायला लागले, गालावर ते लाल उमटलं. आधी आम्ही मुरूम समजून मुलतानी माती लावली, मग गावातल्या डॉक्टरांनी अॅलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. शेवटी मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडमनी रक्त-लघवी तपासून नाव सांगितलं, लुपस. शरीर आपल्याच शरीरावर उठतं, असं त्या म्हणाल्या. ऊन हे त्याला भडकवणारं.

"खेळ बंद का?" ऊर्मीनं पहिला प्रश्न तोच विचारला.

"बंद नाही. हॉलमध्ये खेळ. उन्हात नको."

"आमच्याकडं हॉल कुठला, मॅडम? मातीचं मैदान हाय, वर आभाळ."

मॅडम हसल्या. गोळ्या लिहून दिल्या, क्रीम लिहून दिलं, आणि मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही पार्लर चालवता ना? मग एक काम तुमच्याकडं. रोज सकाळी, तोंड धुतल्यावर, हिला खिडकीपाशी उभं करायचं आणि चेहरा बघायचा. हे लाल जरासुद्धा वाढलं तर मला फोन. चेहऱ्यावर दिसायला लागतं तेव्हा आत मूत्रपिंडात बरंच काही सुरू झालेलं असू शकतं. हिला विचारत बसू नका. ही खेळाडू आहे, खोटं बोलणार."

आम्ही सगळे हसलो. ऊर्मी सगळ्यांत जास्त हसली.

मैदानावरच्या त्या प्रकारानंतर आठ दिवसांनी बाबर सर घरी आले. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "फेब्रुवारीत जिल्ह्याची निवड चाचणी हाय. सांगलीला, उघड्या मैदानावर. वीस वर्षांत माझ्या हाताखालनं अशी चढाई करणारी पोरगी गेली न्हाई. एकदा जिल्ह्याकडनं राज्य स्पर्धा खेळली की पोलिसात खेळाडूंच्या जागेवर हिचं नाव लागतंय. पण जिवापेक्षा काय मोठं न्हाई. तुमी म्हणाल तसं."

"सर, मी खेळणार," ऊर्मी आतून म्हणाली.

"खेळणार म्हणं! मरायचं हाय का तुला?" आत्या कडाडल्या.

"घरात बसून पण मरायचंच हाय की, आई."

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, पण त्याच दुपारी मॅडमना फोन लावला. क्रीम चालत नाही, दुसरं काही आहे का, असं विचारलं.

"पावडरच्या रूपात सनस्क्रीन मिळतं," त्या म्हणाल्या. "खनिजाचं, झिंक ऑक्साइडचं. पण थर पातळ बसतो. क्रीमची सर नाही त्याला. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. वासाचं घेऊ नका. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. आणि रंग नसलेलंच घ्या. खालची कातडी दिसायला हवी मला."

मी 'हो मॅडम' म्हणाले. एका कागदावर सगळं लिहूनही घेतलं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मी आणि ऊर्मी सांगलीला गेलो. पार्लरचं सामान मी मणियार भाभींकडून घ्यायचे. गल्लीतलं अरुंद दुकान, पण बाई अशी की काय नाही असं नाही. पावडरचं सनस्क्रीन म्हटल्यावर त्यांनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरून दोन डबे काढले.

"आमच्याकडं हे कोण घेतंय, सारिकाताई? पुण्याच्या एका बाईसाठी मागवलं होतं. तुम्हांला कशाला?"

"हिला कबड्डी खेळायचीय."

"पावडर लावून कबड्डी?" भाभींनी ऊर्मीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बघा बाई, काय काय दिवस आले."

ऊर्मीनं एका डबीतली चिमूटभर पावडर मनगटावर चोळली आणि हात माझ्यापुढं केला. "धरा वहिनी. घट्ट."

मी धरलं. तिनं हिसका दिला. सुटलं नाही. दुसऱ्यांदा भाभींनी धरलं, दोन्ही हातांनी. ऊर्मी गिरकी घेऊन मागं खेचली गेली, काउंटरवरच्या टिकल्यांची पाकिटं खाली पडली, पण मनगट निसटलं नाही. ती आनंदानं ओरडली, "न्हाई निसटत! वहिनी, पंचाच्या बापाला पण कळणार न्हाई!"

पहिली पावडर पांढरी होती. डबीच्या तोंडाला जाळी, वर मऊ गोंडा. ती लावल्यावर ऊर्मी गिरणीतून दळण घेऊन आलेल्या बाईसारखी दिसायला लागली, आणि त्या पांढऱ्यातून गालावरचं लाल गुलाबी होऊन वर येत होतं. तिनं आरशात बघितलं आणि ती पोट धरून हसली.

"हीच घ्या. मॅडम बिनरंगाची म्हणाल्यात. मला कोण बघायला येणार हाय मैदानात? लांबनं भूत दिसलं तर समोरच्या पोरी तरी पळतील."

मला हसू आलं नाही. दोन स्थळं त्या वर्षी आत्यांच्या कानावर येऊन गेली होती आणि दोघांनी गालाचं काय म्हणून विचारलं होतं. पण ते नुसतं निमित्त. खरं सांगायचं तर तसला चेहरा माझ्या हातून घराबाहेर पडणं मला सहनच होईना. लग्नाआधीपासून, बारा वर्षं मी लोकांच्या पोरी सजवत होते. काळीसावळी, डागांची, व्रणांची, कुठलीही नवरी माझ्या खुर्चीतून उठली की तिची आईसुद्धा तिला ओळखताना क्षणभर चाचपडायची. आणि माझ्या घरच्या पोरीनं असं पिठाचं तोंड घेऊन जगापुढं जायचं?

"ती दुसरी दाखवा," मी म्हणाले.

दुसरी पेनासारख्या नळीत होती, टोकाला कुंचला. हलवलं की पावडर कुंचल्यात उतरायची. झिंक तेच, वास नाही, पण तीन रंगांत. एक नंबर गोरा, दोन नंबर गव्हाळ, तीन नंबर सावळा.

"वहिनी, मॅडम रंग नको म्हणाल्या होत्या."

"रोज सकाळी तोंड धुतल्यावर मी बघणार हाय का न्हाई? तवा तोंडावर रंग असणार हाय का? मग झालं तर. नंतर लावली तर काय बिघडलं?"

तिला ते पटलं. मलाही पटलं. आपल्याला हवं ते आपल्याला फार लवकर पटतं.

रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळवायचा नसतो, उन्हात जुळवायचा असतो. हे मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. म्हणून मी ऊर्मीला दुकानाबाहेर गल्लीत आणलं, डोक्यावरची ओढणी मागं सारली आणि तिच्या जबड्याच्या कडेला तिन्ही रंगांच्या तीन रेघा ओढल्या.

"वहिनी, ऊन."

"अगं मिनिटभर. हलू नकोस."

ती डोळे मिटून उभी राहिली. दोन नंबरची रेघ कातडीत अशी मिसळून गेली की कुठं ओढली होती ते मलाच सापडेना. आत नेऊन तिच्या गालांवर, नाकावर, कपाळावर मी कुंचला फिरवला आणि आरसा हातात दिला.

 ऊर्मीनं बोट गालापर्यंत नेलं, पण टेकवलं नाही. सहा महिने ती पोरगी आरशाकडं न बघता केस विंचरत होती, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण आम्ही दोघी कधी त्याविषयी बोललो नव्हतो.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "हे माझं तोंड हाय."

मला रडू फुटलं. भाभींनी पण डोळे पुसले. बाहेर पडताना मला वाटत होतं, मी आज पोरीला काहीतरी मोठं दिलं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

पुढचे पाच आठवडे आमचा शिरस्ता ठरून गेला. सकाळी साडेसहाला ऊर्मी तोंड धुऊन पार्लरच्या पूर्वेकडच्या खिडकीत उभी राहायची. मी दोन्ही गाल बघायचे, हनुवटी धरून मान इकडं तिकडं वळवायचे, मग पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज बघायचे. मग पावडर. मग डोक्याला टोपी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि सायकलवर टांग मारून ती मैदानात. बाबर सर मध्येच शिट्टी वाजवून तिला कडुलिंबाखाली बोलवायचे आणि ती खिशातली नळी काढून कुंचला फिरवायची. घरात आत्यासुद्धा त्याला 'उन्हाची पावडर' म्हणायला लागल्या. "उन्हाची पावडर घेतलीस का गं?" डबा घेतलास का विचारावं तसं विचारायच्या.

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "ऊर्मी बरी झाली की!" मी म्हणायचे, "औषधं चालू हायत," आणि मनातून फुलून जायचे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवार आणि शनिवार, निवड चाचणी होती. आणि नेमकी गुरुवारी मिरजेला तपासणीची तारीख होती. रक्त, लघवी, सगळं. तपासणीचा दिवस म्हणजे अख्खा दिवस जाणार, आणि शिवाय मॅडम तिला मैदानात जाऊ नको म्हणतील ही धास्ती होतीच.

"तपासणी सोमवारी करू की, वहिनी," ऊर्मी बुधवारी म्हणाली. "चार दिवसांनी काय होतंय?"

"मॅडमना विचारते. त्या न्हाई म्हणाल्या तर न्हाई."

गुरुवारी सकाळी ऊर्मी खिडकीत आली. मी तिचा चेहरा बघितला. साफ होता. मी मॅडमना फोन करून तपासणी सोमवारी चालेल का विचारलं.

"चेहरा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"साफ आहे, मॅडम."

"तुम्ही स्वतः बघितलात?"

"हो."

"उजेडात?"

"हो मॅडम. आत्ताच."

तारखांची वही चाळल्याचा आवाज आला. मागं कुठंतरी लहान मूल रडत होतं. "ठीक आहे. मग सोमवारी या. पण सोमवारी नक्की. आणि सावलीत बसवा तिला."

शुक्रवारची चाचणी सकाळी झाली. शनिवारची मात्र बारा वाजता सुरू झाली आणि लांबत गेली. मी सांगलीच्या मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभी होते, मॅडमनी सांगितलेली सावली फक्त माझ्या डोक्यावर होती. ऊर्मी मात्र त्या दिवशी वेगळीच खेळत होती. नेहमी ती चढाईला गेली की बोलत-हसत जायची, समोरच्या पोरींना चिडवायची. त्या दिवशी तोंड घट्ट मिटून, जणू कुणीतरी मागं लागलंय अशी ती मध्यरेषेपलीकडं शिरायची आणि दोघी-तिघींना घेऊन परत यायची. एकदा पाच जणींनी मिळून तिला धरलं तेव्हा ती त्यांना ओढत, पोटावर सरपटत आली आणि बोटाचं टोक रेषेला लावलं. मैदान उभं राहिलं. पंचांनी तिच्या दंडाला हात लावून बघितला, गालालाही लावून बघितला, आणि मान हलवली. काही नव्हतं.

चार वाजता नावं वाचली. पाचवं नाव होतं, ऊर्मिला विष्णू निकम.

बाबर सर रडत होते. मी रडत होते. ऊर्मी तेवढी जमिनीवर बसून होती.

"ऊठ की गं! नाव घेतलं तुझं!"

"वहिनी, बूट निघत न्हाई."

मी खाली बसून नाडी सोडली. घोटा दिसतच नव्हता. पोटरीपासून पाऊल एकसारखं, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता.

सोमवारची वाट बघितली नाही. तिथूनच सर गाडी करून मिरजेला घेऊन आले. तातडीच्या विभागात नर्सनं ओल्या कापसानं ऊर्मीचं तोंड पुसलं. कापूस गव्हाळ झाला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. खालून जे निघालं ते लाल नव्हतंच, जांभळट होतं. गालांवरून कपाळापर्यंत गेलेलं, मध्ये मध्ये सोललेलं.

मॅडम आल्या. त्यांनी चेहरा बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही म्हणाला होता, साफ आहे."

 ऊर्मीच बोलली, धापा टाकत, एकेक शब्द तोडत.

"वहिनींना ठाऊक न्हवतं, मॅडम. मी आधीच पावडर लावून खिडकीत जायची. पंधरा दिवस झालं. त्यांना मी फसवलं."

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी म्हटलं होतं तुम्हांला. खेळाडू आहे, खोटं बोलणार." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता, आणि ते मला मारण्याहून वाईट होतं.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. मग फुप्फुसात पाणी झालं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी, नर्स वेणी घालत असताना, ऊर्मी गेली. वीस वर्षं पुरी व्हायला दोन महिने बाकी होते. दिनकर सेलमहून आदल्या दिवशी पोचले होते, एवढंच त्यातल्या त्यात. तेराव्याला बाबर सर जिल्ह्याच्या संघाचा टी-शर्ट घेऊन आले, पाठीवर सात नंबर. तो कुणाच्या हातात द्यावा हे त्यांना कळेना. शेवटी आत्यांच्या मांडीवर ठेवला आणि दाराला डोकं टेकून ते उभे राहिले.

आत्यांनी तो टी-शर्ट चाचपला. मग जमलेल्या सगळ्यांच्या देखत मला जवळ ओढलं. "कुणी माझ्या सुनेला बोल लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज पहाटं उठून बघत होती ती. पोरीनंच फसवलं हिला."

इथपर्यंत मी हे जसं सगळ्यांना सांगते तसंच सांगितलं. अकरा वर्षं असंच सांगत आले. नवऱ्यालाही असंच.

गुरुवारी सकाळी ऊर्मी खिडकीत आली तेव्हा ऊन नुकतंच आत आलं होतं. मी तिची हनुवटी धरली आणि मान वळवली. डाव्या कानाच्या पुढं, केसांच्या कडेला, बाजरीच्या दाण्याएवढी पावडर बसलेली होती. न मिसळलेली, दोन नंबरची.

बारा वर्षं मी चेहऱ्यांवर काम केलेलं. कातडी कुठली आणि लावलेलं कुठलं, हे मला हातभर अंतरावरून कळतं. तो रंग तर मी स्वतः निवडलेला. ऊर्मी श्वास धरून माझ्याकडं बघत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, "तोंड धू." दोन शब्द. बादली दारातच होती.

पण शनिवार दोन दिवसांवर होता. मला ते नाव मैदानात पुकारलेलं ऐकायचं होतं. तिच्याइतकंच, कदाचित तिच्याहून जास्त. मनात म्हणाले, चार दिवसांनी काय होतंय.

मी अंगठा उचलला आणि कानापाशी ती पावडर नीट मिसळून टाकली. दोनदा, हलक्या हातानं, नवरीला शेवटचा हात फिरवतात तसा.

"आता ठीक हाय," मी म्हणाले. आणि फोन लावला.

मिरजेला, "वहिनींना ठाऊक न्हवतं" असं ती मॅडमना सांगत होती तेव्हा तिच्या उजव्या हाताला सुई लावलेली होती. डावा हात तिनं कष्टानं वर नेला आणि अंगठा डाव्या कानापुढं दोनदा फिरवला. माझ्याकडं बघत. मॅडमना वाटलं, खाजतंय. त्या नर्सला म्हणाल्या, जरा तिथं पुसा.

दरवर्षी तिच्या श्राद्धाला आत्या गव्हाची खीर करायला लावतात, तिला आवडायची म्हणून. आता त्यांना फारसं दिसत नाही. पान वाढून झालं की त्या मला समोर बसवतात, माझ्या तोंडावरून हात फिरवतात, गालावरून, कानापर्यंत.

"फसवलं गं तुला माझ्या लेकीनं," त्या म्हणतात. "तिला माफ कर."

आणि मी म्हणते, "केलं, आत्या."